बाबा पडू नयेत म्हणून

मंगळवार, २० ऑगस्ट

आज काही सुचत नाहीये, म्हणून लिहायला बसले. लिहिलं की माझं डोकं जरा ताळ्यावर येतं.

दुपारी दुकानात एका बाईंना चष्म्याच्या फ्रेमा दाखवत होते. अख्खा ट्रे लावून झाला, पण बाईंना स्वतःचं नाकच पसंत पडेना. तेवढ्यात निधीचा फोन. "आई, आजोबा कसेतरी श्वास घेतायत. बोलतच नाहीयेत." बाईंना त्यांच्या नाकासकट तिथेच सोडून मी पळाले. शेजारच्या राजेशने बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं होतं. आमच्या पंतनगरच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, लिफ्टच्या मीटिंगा मात्र दर महिन्याला असतात.

सासऱ्यांना आमच्याकडे येऊन वर्षच झालंय. मिल बंद पडल्यावर ते कुडाळजवळ गावी गेले ते तिकडचेच झाले. सासूबाई गेल्या आणि निलेश त्यांना इकडे घेऊन आला. सत्त्याहत्तर वय, पण कधी कुणाला ग्लासभर पाणीसुद्धा मागणार नाहीत. आज तेच खुर्चीत मान टाकून बसले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर झालंय, छातीत पाणी भरलंय. पाणी काढायचं इंजेक्शन सुरू केलं, लघवीला नळी घातली. निलेश जामनगरला साइटवर. फोनवर म्हणाला, "अनु, बाबांना एकटं सोडू नको हां." जसं काही मी त्यांना सोडून पिक्चरलाच जाणार होते.

कॉटची उजवीकडची रेलिंग तुटकी आहे. हात लावला की खाली येते, म्हणून कुणीतरी ती बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवलीय. उशाशी बेलचं बटण आहे, दाबलं तर काही वाजत नाही. सिस्टर चेतनाला विचारलं, बेल कधीपासून बंद आहे? ती बुलढाण्याकडची, चेहऱ्यावरून चांगली वाटते. म्हणाली, "मी लागली ना इथं ताई, तेव्हापासून."

भिंतीवर बोर्ड आहे. रुग्णास एकटे सोडू नये, रुग्ण पडल्यास हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही. बेल बंद, रेलिंग मोडकी आणि जबाबदार आम्ही. झकास कारभार आहे.

माझी आई बाथरूममध्ये पडली होती. कमरेचं हाड मोडलं, मग ती अंथरुणातून उठलीच नाही. म्हणून म्हातारं माणूस पडलं असं नुसतं कुणी बोललं तरी मला घाम फुटतो. आज ती रेलिंग मी चारदा हलवून बघितली.

गुरुवार, २२ ऑगस्ट

बाबा बरे आहेत! पायांची सूज उतरली, ऑक्सिजन काढला. पेज प्यायले आणि पहिला प्रश्न, "तिकिटा खंय ठेवलंस?" गणपतीला गावी जायची आमची तिकिटं आहेत. बाबा गेल्या चतुर्थीपासून ह्या चतुर्थीची वाट बघतायत. मी म्हटलं, तिकिटं कपाटात आहेत, तुम्ही आधी कॉटवरून उतरायच्या लायकीचे व्हा. हसले.

पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नाहीत. रात्री राजेश थांबतो, दिवसा मी. शेजारच्या कॉटवर भीमराज काका आहेत, पाय प्लास्टरमध्ये. त्यांना सगळ्या वॉर्डाची खबर असते. म्हणाले, "घाबरू नका, मी आहे ना लक्ष ठेवायला." प्लास्टरमधला माणूस लक्ष ठेवणार आणि हॉस्पिटल बोर्ड लावणार. तरी त्यांचं बोलणं ऐकून बरं वाटलं.

शनिवार, २४ ऑगस्ट

सकाळी नळी काढली. जास्त दिवस ठेवली तर इन्फेक्शन होतं म्हणे. इंजेक्शन मात्र चालू आहे, अजून पाणी निघायला हवं.

आणि आज बाबांनी दिवसभर एकच धोशा लावला. "माका भायर जावचा हा." इंजेक्शन देऊन सिस्टर वळली की लगेच सुरू. पहिल्यांदा मी प्रेमाने समजावलं. बाबा, अजून बाहेर नाही सोडणार, डॉक्टर सांगतील तेव्हा. ते म्हणाले, "नाय गो. भायर." मी म्हटलं, गणपतीला अजून वेळ आहे, तोवर ठणठणीत व्हाल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलतेय, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

सिस्टर चेतनानेही विचारलं, "काय म्हणतात आजोबा? कुठं जायचं म्हणतात?"

मी म्हटलं, "घरी जायचंय त्यांना. गणपतीचं डोक्यात घेऊन बसलेत. तुम्ही नका लक्ष देऊ."

दुपारी चादर ओली. वॉर्डातली चंपा मावशी चादर बदलताना ओरडली, "सांगायला काय होतं हो आजोबा? तोंड दिलंय ना देवाने?" बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मला इतकं वाईट वाटलं! माझ्यासमोर त्यांचं असं व्हावं. मी मुद्दाम खिडकीकडे गेले. मग त्यांना डायपर लावलं. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात आजारपणात गोंधळ होतो, माणूस काहीबाही बोलतो. म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असेल का? निलेशला अजून सांगितलं नाही.

रविवार, २५ ऑगस्ट

सकाळी वॉर्डात शिरले आणि माझं टाळकं सटकलं. राजेश चहाला खाली गेला होता, तेवढ्यात बाबांचा उजवा हात बँडेजने कॉटला बांधून ठेवला होता. मनगट लाल झालेलं. मला बघून बाबांनी तो हात चादरीखाली लपवायचा प्रयत्न केला, जसं काही चोरी त्यांनीच केलीय.

चेतनाला झापलं. "माणूस आहे तो, गुरं बांधता तसं काय बांधता?"

"रेलिंगवरून पाय टाकत होते ना ताई. एवढा वॉर्ड आणि मी एकटी. पडले असते तर?"

"तर माणसं वाढवा! हात बांधणं हा काय उपाय झाला?"

मी स्वतः गाठ सोडली. सगळा वॉर्ड बघत होता, भीमराज काकांनी तर टाळीच वाजवली. माणसाला बांधून ठेवलं की तो आतून मरतो, एवढं ह्यांना कळू नये?

पण ते रेलिंगवरून पाय टाकत होते, हे काही डोक्यातून जात नाही.

सोमवार, २६ ऑगस्ट

डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी सुरू केली. बाबा झिंगल्यासारखे पडून असतात. डोळा उघडला की मात्र तेच, "भायर." जीभ जड झालीय, तरी तेच. डायपर ओढून काढतात. आज मी वैतागून बोलले, "बाबा, पुरे आता! लहान मूल आहात का?" नंतर मीच जिन्यात जाऊन रडून आले.

ज्यांना पडायचा धोका असतो त्यांच्या हाताला इथे पिवळी पट्टी लावतात. बाबांना का नाही लावली, असं विचारलं. म्हणे, पट्ट्या संपल्यात. मी म्हटलं, निदान रेलिंग तरी दुरुस्त करा. म्हणे, मेंटेनन्सला कळवलंय. मग कॉट तरी बदला. म्हणे, रिकामी झाली की बदलू. सगळ्या प्रश्नांना उत्तर आहे, फक्त रेलिंग तशीच आहे.

आज बेसिनपाशी फरशी ओली होती. मी माझ्या ओढणीने पुसली.

मंगळवार, २७ ऑगस्ट

बाबा पडले.

लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

आज दहीहंडी. सकाळपासून घाटकोपरभर स्पीकर. दुपारी सिस्टरने चिठ्ठी दिली, खालून इंजेक्शन घेऊन या. मी म्हटलं, बोर्डावर तर लिहिलंय एकटं सोडू नका. चेतना म्हणाली, "जा ना ताई, मी बघते." मेडिकलच्या खिडकीशी ही गर्दी. हंडीवरून पडलेले गोविंदा रिक्षातून, टेम्पोतून येत होते. कुणाचा खांदा, कुणाचं डोकं. नुसता आरडाओरडा. वरच्या वॉर्डातल्या सिस्टरना खाली बोलावून घेत होते. त्यात मला चेतना दिसली. मला बघून ती चपापली, मी तिला बघून. मी रांग सोडून वर धावले.

बाबा कॉट आणि लॉकरच्या मधे खाली पडले होते. रेलिंग लोंबत होती. डायपर काढून बाजूला टाकलेलं. एक पाय विचित्र बाहेर वळलेला. तोंड संडासच्या दाराकडे. ओरडत नव्हते, नुसते कण्हत होते. भीमराज काका रडकुंडीला आले होते. "बेल दाबून दाबून अंगठा दुखला माझा. हाका मारल्या. वाजेल तर शपथ, येईल तर शपथ."

वरून पडलेल्यांसाठी सगळं हॉस्पिटल धावलं. कॉटवरून पडलेल्या माणसासाठी कुणी नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलंय. आईसारखंच. निलेश निघालाय. मला खूप भीती वाटतेय.

बुधवार, २८ ऑगस्ट

मालाडहून जानकी आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, गावी जायची बॅग भरलेली होती तशीच टाकून आली. बाबांच्या पायाला वजन लावलंय. तिला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाले, "जानक्या, माका भायर..."

मी म्हणणार होते, आत्या, लक्ष देऊ नका, चार दिवस हेच चाललंय. तेवढ्यात ती माझ्याकडे वळून खेकसली, "बघतंस काय गो? पॉट खंय असा? तेका लघवीक लागली हा!"

तिनेच कॉटखालून पॉट काढला, पडदा ओढला. बाबांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की पडद्याबाहेर मला ऐकू आला.

नंतर आत्या म्हणाली, "गावात संडास घराच्या भायर. आमी भायर जातंय म्हंजे आणि खंय जातलंव? आणि सुनेक तो नाव घेवन सांगतलो? लाज नाय काय तेका?"

चार दिवस. पाणी काढायचं इंजेक्शन देऊन, वर गोळी देऊन आम्ही सगळे त्या माणसाला सांगत होतो, गप्प पडून राहा. आणि पॉट कॉटखाली होता. आणि मी सिस्टरला काय म्हटलं होतं? नका लक्ष देऊ.

हे मी निलेशला सांगणार नाही. आत्ता नाही.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

ऑपरेशन. हृदय कमजोर, टेबलावर काहीही होऊ शकतं, असं सांगून सही घेतली. निलेशचा हात धरून बाहेर बसले होते. मला देवाचं नावसुद्धा नीट आठवेना.

वाचले. रॉड टाकलाय. आता छातीत कफ होऊ नये आणि पुन्हा पडू नये, एवढं सांभाळा म्हणाले.

मंगळवार, ३ सप्टेंबर

निलेश पेटलाय. "ह्यांची वाट नाही लावली ना अनु, तर नाव बदलीन." रेलिंगचे फोटो काढले, बेलचा व्हिडिओ काढला. भीमराज काका साक्ष द्यायला एका पायावर तयार आहेत, आणि खरोखर एकाच पायावर आहेत. परवा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी भेटायला बोलावलंय.

चेतना आज माझ्याकडे न बघता ड्रेसिंगचा ट्रे ठेवून गेली. ती तिथे बोलेल का? मी जे बोलले ते फक्त तिने ऐकलंय. निलेशला आधीच सांगून टाकावं असं दिवसभर ठरवते आणि संध्याकाळी भाजी काय करू, असं विचारते.

बाबा आता भायर म्हणत नाहीत. मीच विचारते, पॉट ठेवते. ते डोळे मिटून घेतात.

गुरुवार, ५ सप्टेंबर

झालं एकदाचं.

मोठे डॉक्टर, मेट्रन आणि टेबलावर बिस्किटं. निलेशने सगळं ठणकावून सांगितलं. मेट्रन ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पेशंट सारखा काय म्हणतोय, असं सिस्टरने तुम्हाला विचारलं होतं ना? तुम्हीच म्हणालात ना, ते घरी जायचं म्हणतात, लक्ष देऊ नका?"

निलेशने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

खोटं बोलता आलं असतं. पण चेतना दाराशी उभी होती, खाली मान घालून. म्हटलं, "हो, म्हणाले. मला त्यांची भाषा कळली नाही. मी सून आहे, चष्मे विकते. पण तुमचं कामच पेशंट बघणं आहे ना? पाणी काढायचं इंजेक्शन तुम्ही दिलं. नळी तुम्ही काढली. माणूस दिवसभर उठायला बघतोय, तर कशाला, हे एकाला तरी विचारावंसं वाटायला हवं होतं. मी चुकीचं सांगितलं म्हणून तुमची रेलिंग मोडली का? बेल मी बंद केली का?"

मोठे डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "बांधलं तर नातेवाईक भांडतात. नाही बांधलं तर पेशंट पडतो. आम्ही करायचं काय, सांगा."

"पॉट द्यायचा," मी म्हटलं. "विचारायचं आणि पॉट द्यायचा."

चौकशी करू म्हणालेत. चेतनाची बदली होणार असं बाहेर कळलं. रेलिंग तशीच आहे, मी येताना बघून आले.

घरी आलो. जिन्यात निलेश म्हणाला, "तुला खरंच माहीत नव्हतं? भायर म्हणजे काय ते?"

"नव्हतं."

"सोळा वर्षं झाली लग्नाला, अनु." एवढंच. त्याने नंतर विषय काढला नाही, पण मला ते वाक्य सारखं ऐकू येतंय.

सोमवार, ९ सप्टेंबर

बाबा घरी आले. स्ट्रेचरवरून तीन जिने चढवले. चतुर्थी हॉस्पिटलातच गेली, तिकिटं फुकट. बाबांनी एकदाही विचारलं नाही.

डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड चांगलं बसलंय. वॉकर घेऊन रोज चालवा. पण सांभाळून हां, पुन्हा पडले तर मग काही खरं नाही." पुढचं मला ऐकूच आलं नाही. काही खरं नाही, काही खरं नाही. निलेश उद्या जामनगरला परत जातोय. म्हणजे आता सगळं माझ्यावर.

शनिवार, १४ सप्टेंबर

दोन्ही बाजूंना रेलिंग असलेली कॉट आणली. नवीकोरी. मी लोंबकळून बघितलं, हलत नाही.

फिजिओथेरपीला अनिरुद्ध नावाचा मुलगा येतो, हसरा आहे. आज बाबा वॉकर धरून हॉलच्या खिडकीपर्यंत गेले! खाली मंडपात आरती चालली होती, ती ऐकत उभे राहिले. निधीने टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "उद्या भायर मी माझो जातलंय, पॉट नको." वळताना गुडघा लटपटला. अनिरुद्धने धरलं, काही झालं नाही. तो म्हणाला, "असं होतं काकी, सुरुवातीला. घाबरू नका."

माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो वळलेला पाय आला. मी किंचाळलेच. बाबा माझ्या आवाजाने जास्त घाबरले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

अनिरुद्धला म्हटलं, जरा थांबू या थोडे दिवस. तो म्हणाला, थांबलात तर स्नायू जातील. त्याला काय, तो पडला तर उठेल. म्हटलं, मी फोन करीन.

संडासला नेताना दोनदा माझ्या खांद्यावर त्यांचा सगळा भार आला. माझी कंबर धरली. फरशी ओली असली तर? माझाच पाय घसरला तर? डायपर सुरू केलं. चांगल्या कंपनीचं आहे, हॉस्पिटलातल्यासारखं टोचत नाही. लावताना बाबा म्हणाले, "कित्याक गो? माका कळता मां. मी सांगतंय." मी म्हटलं, थोडेच दिवस बाबा, तुमच्याचसाठी. ते भिंतीकडे वळले.

मंगळवार, १ ऑक्टोबर

दुकानात पुन्हा जायला लागले. दिवसा बाबांजवळ कामाला ठेवलेल्या सोनूबाई असतात. त्यांना तीनदा सांगितलंय, काही झालं तरी रेलिंग खाली करायची नाही. ते काहीही म्हणोत.

काल सोनूबाई कपडे वाळत घालायला गेल्या आणि बाबा उठून बसले होते, रेलिंगची खिटी चाचपत. मी त्याच वेळी दार उघडून आत आले म्हणून! मग सासूबाईंची जुनी सुती साडी होती, तिची पट्टी काढली. खोलीत कुणी नसेल तेवढ्यापुरती, मनगटाला सैलशी. मऊ आहे, अजिबात लागत नाही. बाबांनी ती साडी ओळखली. हात पुढे केला त्यांनी, स्वतःहून. समजूतदार आहेत.

रविवार, ६ ऑक्टोबर

जानकी आत्या आली होती. पट्टी बघून भडकली. "हॉस्पिटलात तेचो हात बांधल्यानी म्हणान तू भांडलंस ना गो? आणि आता ह्या काय?"

मी म्हटलं, ते बांधणं वेगळं, हे वेगळं. त्यांनी त्यांच्या सोयीसाठी बांधलं, मी जीव वाचवायला बांधते. पडले तर परत निलेश मलाच विचारणार आहे.

"तेका चलव, अनु. माणूस चललेलो बरो."

"आणि पडले तर? तुम्ही येणार का मालाडहून उचलायला?"

जास्तच बोलले. आत्या चहा न घेता गेली. तिला बोलायला काय जातंय? तिने तो पाय बघितला नव्हता. मी बघितलाय.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी झेंडूची तोरणं केली, श्रीखंड आणलं. बाबांनी दोन चमचे खाल्लं. निधी म्हणाली, "आई, आजोबा माझ्याशीपण बोलत नाहीत. सोनं दिलं तर आपट्याची पानं नुसती हातात धरून बसले." म्हटलं, थकलेत गं, केवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेत.

काल त्यांना अॅम्ब्युलन्सने तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी एक्सरे बघून शाबासकी दिली, हाड सुंदर जुळलंय. विचारलं, "चालतात ना?" मी म्हटलं, हो, थोडं थोडं. उगाच कशाला वाद. निलेशलाही फोनवर तेच सांगितलं. खूश झाला. म्हणाला, "अनु, तू होतीस म्हणून." कित्येक दिवसांनी माझ्याशी असं बोलला. मी फोन ठेवून थोडी रडले.

सोनूबाई सांगत होत्या, आजोबा फार गुणी, दिवसभर एक शब्द नाही, काही मागणं नाही. ऐकून खरंच बरं वाटलं. महिनाभर मी रोज भीत भीत दार उघडते. आज पहिल्यांदा जिना चढताना छातीत धडधडलं नाही.

आणि एक गंमत. सकाळी तोरणाच्या घाईत पट्टी बांधायची राहूनच गेली. फुलं घेऊन परत आले, बघते तर बाबांचा हात रेलिंगला टेकवून जिथल्या तिथे. जरासुद्धा हलवला नव्हता. म्हणजे आता पट्टीची गरज उरली नाही. उद्यापासून बांधणार नाही.